पदरचं वजन

सोमवार, २ सप्टेंबर

नळी म्हणाले. सरळ तोंडावर. "पुढच्या सोमवारपर्यंत वजन वाढायला लागलं नाही, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, काकू." आणि मी मान डोलावली. जसं काही पडद्याला कुठला रंग हवा असंच विचारलंय मला.

चौघं एकदम आली होती, म्हणून जमलं नाही. एकेकटी आली असती तर एकेकाला गुंडाळलं असतं. मोठे डॉक्टर — पोट उघडून गाठ काढणार ते हेच — त्यांना मी मनात कात्री म्हणते. आपल्याच धंद्यातला माणूस. आहार बघणारी पोरगी, तिच्या खिशात कायम मापाचा चमचा, म्हणून ती चमचा. वॉर्डाच्या थोरल्या सिस्टर, त्यांना नाव ठेवायची अजून हिंमत झाली नाही. आणि चौथा चक्क आचारी! आचाऱ्याला कॉटपाशी आलेला मी जन्मात पाहिला नव्हता. अशक्त पेशंटला ऑपरेशनआधी सुधरवायचं, त्यासाठी चौघांची मिळून एक टीम आहे म्हणे. टीम कसली, चांडाळचौकडी.

गाठ निघेल म्हणतात. पण आत्ता उघडलं तर मी टेबलावरून उठेन याची खात्री नाही, एवढी खंगलेय. आधी अंगात काहीतरी भरायला हवं. भरायला माझी ना नाही. पण भूकच लागत नाही, गेले कित्येक महिने. चमचानं विचारलं, "पोटात कावळे ओरडतात का, आजी?" म्हटलं, आजी तुझ्या घरी. आणि कावळे केव्हाच उडून गेले.

जे तोंडात घालावं त्याला मापाच्या खडूची चव, हेही तिला सांगितलं. शिवताना खडू दातात धरायची सवय होती मला, म्हणून ती चव पक्की ओळखते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

नळी घालून घेणार नाही म्हणजे नाही.

ह्यांना घातली होती. त्या दिवसापासून हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नळी असली तरी बोलता येतं, हे मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे भिंतीकडे तोंड करून पडले. ह्यांनी मापं घ्यायची, मी पडदे शिवायचे, असा आमचा संसार. दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत दोघांची टकळी चालू. आणि शेवटी माझ्या वाट्याला काय आलं, तर पाठ. आठवडाभर पाठ बघितली, मग तीही गेली. मला राग आहे त्यांचा. अजून आहे.

संध्याकाळी लेक आली. दुकान आता तीच बघते. म्हणाली, "आई, आज बरी दिसतेस." खोटं बोलताना तिचा डावा कान लाल होतो, लहानपणापासून. झालाच.

तिला नळीचं काही बोलले नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

एक शोध लागला. इथं वाटी रिकामी परत गेली की जेवण झालं. वाटी कुणी रिकामी केली, हे कोणी विचारत नाही.

पलीकडच्या कॉटवरच्या बाईचा पाय मोडलाय. बाकी ती ठणठणीत, आणि तिला दिलेलं जेवण तिच्या दाढेलाही पुरत नाही. दुपारी माझ्या वाटीकडे अशी बघत होती की मला माझ्या लेकीचं लहानपण आठवलं. "तुमचं राहिलंय का हो?" म्हटलं, राहिलंय कसलं, सुरूच केलं नाही. घ्या.

वाटी चाटूनपुसून परत गेली. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "शाब्बास." एवढं कौतुक मला शाळेतही कुणी केलं नव्हतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कस्टर्ड होतं. पलीकडचीला फार आवडलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

वाट्यांचं जमलं, पण काट्याचं काय करायचं? सोमवारी वजनकाट्यावर मलाच उभं राहायचंय, पलीकडचीला नाही. दिवसभर हाच घोर.

आणि संध्याकाळी देवच पावला म्हणायचा. सिस्टरनी इंजेक्शनसाठी माझ्या कॉटभोवतीचा पडदा ओढला. तो पडला असा — सरळ, ताठ, एक सुरकुती नाही. माझा हात आपोआप त्याच्या खालच्या दुमडीकडे गेला. धंद्याची खोड. आणि बोटांना लागलं! दुमडीत शिशाच्या चपट्या चकत्या. पडदा वाऱ्यानं उडू नये, नीट पडावा म्हणून आम्ही घालतो ना, त्या. इथं तर दर वीतभर अंतरावर एक घातलीय. कोण शिवणारा होता कोण जाणे, पण दिलदार होता.

मी त्या पडद्याकडे किती वेळ बघत बसले. सिस्टरना वाटलं इंजेक्शन दुखलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

माझी शिवणाची कात्री दाखल झाल्या दिवशीच काढून घेतलीय. सुई-दोरा लपवून ठेवलाय, पावडरच्या डब्यात. दुपारी सगळे पेंगत असताना पडदा ओढून घेतला आणि नखं कापायच्या यंत्रानं दुमड उसवली. पडद्याआड बसून पडदाच चोरायचा, हे मलाच इतकं मजेशीर वाटलं की हसू दाबताना खोकला आला. पलीकडून आवाज, "काय झालं हो?" म्हटलं, ठसका. "काय खाताय?" म्हणाली लगेच. कान आहेत की काय आहेत!

दुमड परत घालून ठेवली. आधीपेक्षा सुबक. चोरी करायची म्हणून काम गचाळ करायचं, हे मला जमत नाही.

माझ्या पडद्यातल्या पुरल्या नाहीत, म्हणून शेजारच्या रिकाम्या कॉटच्या पडद्यातल्याही काढल्या. गाउनच्या काठात कच्च्या टाक्यानं बसवायच्या. वजन झालं की एक दोरा ओढला, सगळं मोकळं.

लोक म्हणतात पदरचं घालून काम केलं. गाउनला पदर नसतो, म्हणून काठाचं.

सोमवार, ९ सप्टेंबर

फत्ते.

काट्यापर्यंत चालताना चकत्या गुडघ्यावर टकटक वाजत होत्या. मी मोठ्यानं खोकत खोकत गेले. चढले. काटा पुढे गेला, पाऊण किलोनं! चमचानं टाळ्या वाजवल्या. आचारी खास वर आला होता, त्याला विचारायचं होतं की नेमकं काय लागू पडलं. मी म्हटलं, कस्टर्ड. बिचाऱ्याचा चेहरा असा खुलला की मला क्षणभर कसंतरीच झालं. आणि कात्री काय म्हणावेत? "चेहऱ्यावरही दिसतंय हं, काकू." दिसतंय म्हणे! वजन पायाशी, तेज चेहऱ्यावर.

नळीचा विषय निघाला नाही. आणखी एक आठवडा मिळाला.

थोरल्या सिस्टर तेवढ्या माझ्या कॉटचा पडदा नीट करत उभ्या होत्या.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज तिन्ही वेळा कस्टर्ड. पलीकडची म्हणाली, "तुम्ही दुसरं काही सांगा ना त्यांना."

बुधवार, ११ सप्टेंबर

हे लिहायचं नव्हतं, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

दाखल झाले तेव्हा दंडाला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं आणि दोऱ्याला गाठ मारून ठेवली होती. आज परत गुंडाळला. गाठीच्या बरंच आत आला. काट्यावर मी वाढतेय आणि दोऱ्यावर आटतेय. दोऱ्याला शिसं लावता येत नाही.

अंगठी नेहमीच्या बोटात राहत नाही, आता मधल्या बोटात घातलीय.

गुरुवार, १२ सप्टेंबर

घात झाला. पलीकडचीला हलवली! थेट त्या टोकाला, खिडकीपाशी. मी विचारलं का, तर सिस्टर म्हणाल्या, "पायाला उजेड बरा." पायाला उजेड कशाला हवा? पाय काय पुस्तक वाचणार आहे? पण सिस्टरना कोण विचारणार?

आता मी, माझी वाटी आणि समोर रिकामी कॉट.

वाटीही बदललीय. आधी तीन मोठ्या यायच्या, आता इवल्याइवल्या येतात आणि दिवसभर येतच राहतात. एक संपली नाही तोवर दुसरी. सूप असं की चमचा उभा राहील. म्हटलं, ह्यात काय घातलंय? आचारी म्हणाला, "काही नाही, जरा आटवलंय." आटवलंय! दूध, लोणी, अंडं, कसली पावडर, सगळं कोंबलंय त्यात. मी पडद्यात शिसं घालणारी बाई, मला दुमडीतलं कळत नाही होय?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चमचा आता स्वतःचा डबा घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसते. "मला एकटीला जेवण जात नाही, काकू." (काकू! सुधारली.) बाहेर अख्खी खोली भरून माणसं जेवताहेत, आणि ही म्हणे एकटी. तिच्यासमोर वाटी लपवायची तर कुठं? दोन चमचे घेतले. खडू. तिनं विचारलं, "अजून खडूच?" म्हटलं, हो. पांढरा. ती उठून तडक खाली गेली.

दुपारी सूप गार करून आलं. वर लिंबू पिळलेलं. मागे आचारी, घामानं डबडबलेला, दाराआडून बघतोय. मी एक चमचा घेतला.

खडूच होता. पण निळा.

तसं सांगितलं, तर तो इतका खूश झाला की जसं मी त्याला पदक दिलं. वेडी आहेत सगळी.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज कात्री एकटेच आले. खुर्ची ओढून बसले. हातात कागद नाही, काही नाही. म्हणाले, "काकू, तुमच्या धंद्यातलं एक विचारायचंय. कापड जीर्ण झालं असेल आणि त्यावर पक्की टीप मारली, तर काय होतं?"

मी म्हटलं, टीप टिकते. पण तिच्या शेजारी कापड फाटतं.

"मग तुम्ही काय करता?"

"तसं कापड घेतच नाही आम्ही. परत पाठवतो."

त्यांनी मान हलवली, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले.

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ते खरं. मी इतके दिवस समजत होते की मी नळीला फसवतेय. गाठ काढून हा माणूस मला शिवणार, आणि मी त्याला सांगितलंय की कापड मजबूत आहे. उद्या त्याच्या हाताखाली फाटलं तर? माझं जे व्हायचं ते होईल. पण लेकीला काय सांगतील? आणि तो आचारी?

भीती वाटली. खरीखुरी.

संध्याकाळची वाटी पूर्ण खाल्ली. डोळे मिटून, खडू खाल्ल्यासारखी.

सोमवार, १६ सप्टेंबर

तरी चकत्या घातल्याच. काय करणार? एकदा पाऊण किलो वर नेलेला काटा खाली कसा आणू? उलट वाढवावाच लागला. पलीकडचीच्या जुन्या जागेवरचा पडदाही मोकळा केला त्यासाठी. एका खोट्याला दुसरं खोटं लागतं म्हणतात. मला शिसं लागलं.

वजन चांगलं भरलं. पण तेवढ्यात तिकडे गोंधळ. त्या कॉटवर नवी बाई आलीय, तिला अंग पुसायला पडद्यात घेतलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पडदा गेला की वर छत्रीसारखा! बाईनं किंचाळून वॉर्ड डोक्यावर घेतला. मावश्या धावल्या. सिस्टर म्हणाल्या, "ह्या पडद्यांना झालंय तरी काय, हल्ली उडायला लागलेत." म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे बघितलं. चमचा सिस्टरकडे बघेना, आचारी चमचाकडे बघेना. आणि कात्री खिशात काहीतरी शोधत होते, फार मन लावून.

मीही जमिनीकडे बघितलं. फरशी छान आहे इथली.

बुधवार, १८ सप्टेंबर

आचाऱ्याशी माझं जमलंय. गार आणि आंबट त्यातल्या त्यात उतरतं, गरम आणि गोड नको. तो दर वाटीबरोबर येतो आणि मी खडूचा रंग सांगते. आज सकाळी हिरवा होता. दुपारी बटाट्याचं काहीतरी मऊ, वर मिरपूड. मी घास घोळवत बसले. तो म्हणाला, "कुठला?" मी म्हटलं, थांब. परत एक घास घेतला.

बटाटा होता. बटाट्याला बटाट्याची चव होती.

मला रडूच आलं. तो घाबरून सिस्टरना हाका मारत सुटला, "तिखट झालं, तिखट झालं!"

शुक्रवार, २० सप्टेंबर

चमचाच्या डब्यातला एक घास मीच मागून घेतला. तिची आई मीठ कमी घालते. तिला सांगितलं तसं. "आईला तुम्हीच सांगा," म्हणाली. सांगेन की. घाबरते काय!

लेक आली तेव्हा मी चौथी वाटी खात होते. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, आज बरी दिसतेस." मी कान बघितला. लाल नव्हता.

शनिवार, २१ सप्टेंबर

दोरा गाठीपर्यंत आला! दोनदा गुंडाळून बघितला, उगाच सैल तर नाही ना धरला मी. नाही. पोचला.

आता चकत्या परत घालायच्या. सगळ्या. सोमवारी काट्यावर मी एकटी चढणार. तिथं जे भरेल ते भरेल. कमी भरलं तर कमी. नळी म्हणाले तर बघू. पण त्या माणसाच्या हातात खोटं कापड द्यायचं नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

चोरणं सोपं असतं, परत ठेवणं महाकठीण! माझा पडदा झाला, रिकाम्या कॉटचा झाला. राहिला तो किंचाळणाऱ्या बाईचा. तिला म्हटलं, तुमचा पडदा उडतो ना, आणा, मी नीट करून देते. बसले राजरोस तिच्या कॉटवर शिवत. सिस्टर समोरून गेल्या. म्हणाल्या, "हौस आहे वाटतं." म्हटलं, हात शिवशिवतात हो. "शिवशिवतातच तुमचे," म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवार, २३ सप्टेंबर

आज काय काय झालं! क्रमानं लिहिते, नाहीतर घोळ होईल.

चौघं वेळेच्या आधीच आली. मी चालत गेले. टकटक नाही, खोकला नाही. चढले. काटा मागच्या सोमवारपेक्षा किंचित मागेच थांबला. म्हणजे कागदावर माझं वजन कमी झालं. मी खाली मान घालून उभी. आता म्हणतील नळी.

वर बघते तर चौघांचे चेहरे दिव्यासारखे. चमचाच्या डोळ्यात पाणी, आणि आचारी तर पार कानापर्यंत हसतोय.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "वजन कमी भरलंय ना? मग हसताय कशाला?"

झालं. चौघंही एकमेकांकडे बघायला लागली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथं चार चोर आणि टिपूर पौर्णिमा.

शेवटी थोरल्या सिस्टर बोलल्या. वजनाच्या पहिल्या सोमवारीच त्यांनी पडदा चाचपला होता. "माझ्या वॉर्डातल्या पडद्यांची तुरपाई इतकी चांगली कधीच नव्हती, बाई." मी मेले लाजेनं. चोरी पकडली गेली ती सुबक कामामुळे! त्यांनी दुसऱ्या पडद्यातली एक चकती काढून खाली पाठवली, आचाऱ्यानं ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. मग दर सोमवारी माझ्याआधी सिस्टर पडदे चाचपायच्या, किती चकत्या गायब ते मोजायच्या, आणि चमचा तेवढं वजन वजा करून माझं खरं वजन काढायची. पलीकडचीला हलवलं ते त्याच दिवशी ठरलं. वाट्या लहान केल्या, सूप आटवलं, चमचा डबा घेऊन आली, सगळं ठरवून. आणि कात्रींचं ते जीर्ण कापड?

"ते मात्र मला सुचलं," कात्री म्हणाले. "बाकीचं ह्या तिघांनी केलं."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही पकडलंत मला? सिस्टर म्हणाल्या, "पकडलं असतं तर नळी घालावी लागली असती. तुम्ही ती उपटून फेकली असती. मग?" आणि चमचा म्हणाली, "मी म्हटलं, ज्या बाईला लबाडी करायचा एवढा उत्साह आहे, ती जेवेल. आठवडा द्या मला." बाकीच्यांनी दिला तिला आठवडा. मग आणखी एक.

आज सकाळी सिस्टरना सगळे पडदे जड लागले. त्या धावत खाली गेल्या, आचाऱ्याला सांगायला. धावत! सिस्टर! हे बघायला मी काहीही दिलं असतं.

ऑपरेशन गुरुवारी.

तोच दिवस, रात्रीच्या जेवणाआधी

सगळं गोड झालं असं वाटलं, आणि कात्री थांबले. बाकीची तिघंही. म्हणाले, "आता एक खरं आम्हीही सांगायचंय. ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत नळी लागेल, काकू. थोडे दिवस."

म्हणजे शेवटी नळीच. मला संताप आला. म्हटलं, मग एवढं सगळं कशाला केलंत? आधीच घालायची होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी ह्यांची गोष्ट सांगितली. पाठ, भिंत, सगळं. लेकीशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

कात्री म्हणाले, "त्यांचं शेवटचं होतं. तुमचं तसं नाही. तुम्ही गिळायला लागलात की काढू. काढताना मी इथं असेन." आचारी म्हणाला, "आणि मी खाली वाटी गार करत ठेवीन." त्याला दुसरं काही सुचत नाही कधी.

मी हो म्हटलं. माझ्या तोंडानं. कोणी वदवून घेतलं नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

लेकीला नळीचं सांगितलं. ती बराच वेळ माझ्या बोटातली अंगठी फिरवत बसली. अंगठी आता परत माझ्या नेहमीच्या बोटात आहे. मी तिला म्हटलं, मी भिंतीकडे तोंड केलं तर मला धरून वळव. चिडले तरी वळव. ती म्हणाली, "बाबांना आपण वळवायला हवं होतं का गं?"

मला माहीत नाही. म्हटलं, मला वळव एवढंच.

बुधवार, २५ सप्टेंबर

संध्याकाळी सिस्टरनी सवयीनं पडदे चाचपले आणि कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या. "एक कमी आहे. उद्या ऑपरेशन, आणि आज परत?" मी शपथ घेतली की माझ्या अंगावर नाही. झाडा घ्या म्हटलं. त्यांनी खरंच घेतला! गाउनचा काठ, पावडरचा डबा, उशीची खोळ. नाही सापडली.

खोटं नाही बोलले मी. माझ्या अंगावर नव्हतीच.

दुपारी कात्री कोट खुर्चीवर टाकून हात धुवायला गेले होते. चमचा दाराशी राखणीला उभी होती. चार टाके, फार वेळ नाही लागला. डाव्या बाजूच्या दुमडीत. आता कोट एकीकडे लोंबतो आणि ते सारखा खांदा उडवून सरळ करतात. वॉर्डभर सगळ्यांना दिसतंय, त्यांनाच कळत नाहीये.

चमचा हसून हसून बाथरूममध्ये जाऊन बसली. शेवटी माझ्या बाजूला आलीच ती.

आजची शेवटची वाटी संपवली. आचाऱ्याला म्हटलं, बटाट्याची चव विसरायची नाही हं. तो म्हणाला, "तुम्ही नका विसरू." आणि पटकन निघून गेला.

भीती वाटतेय. तेवढं लिहून ठेवते.

रविवार, २९ सप्टेंबर

नळी आहे. मीही आहे.

हात कापतोय, अक्षर बघू नये. परवा मी भिंतीकडे वळले होते. लेकीनं धरून वळवलं. मी तिला काहीतरी बोलले, वाईट असावं, ती हसली.

कात्री येऊन गेले. कोट अजून डावीकडे लोंबतोय.

आणि आत्ता, सकाळी, पोटात कावळा ओरडला. एकच. पण खणखणीत.